घरची तयारी आणि दवाखान्याची वाट

(वाशीम जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या कपाळावर आठी पडणे स्वाभाविक आहे. प्रसूती दवाखान्यातच व्हावी म्हणून शासनाने दोन दशके अथक प्रयत्न केले. आणि आता माहिती अधिकाऱ्याने उठून घरच्या प्रसूतीसाठी घर कसे सज्ज ठेवावे हे सांगावे, ही उलटी गंगा नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्रथम देतो आणि मग विषयाकडे वळतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ साली महाराष्ट्रातील दर शंभर बाळंतपणांपैकी सुमारे पासष्ट आरोग्यसंस्थेत होत होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण पंचाण्णवच्या आसपास पोहोचले. २०१८ ते २०२० या काळात राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. त्याच काळात देशाचे प्रमाण ९७ होते. हे यश लहान नाही. प्रसूती रुग्णालयात व्हावी, हे माझे आजच्या भाषणातील पहिले आणि शेवटचे मत आहे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

परंतु उरलेली पाच बाळंतपणे कोणाची? ती मुंबई-पुण्याच्या सदनिकांत राहणाऱ्यांची फारशी नसतात. ती तांड्यावरच्या, शेतातल्या खोपीतल्या, वीटभट्टीवरच्या स्त्रीची असतात. आणि सर्वेक्षणात दिसत नाही अशीही एक गोष्ट आहे. ज्यांचे नाव दवाखान्यात नोंदलेले आहे, ज्यांचे पोट नियमित तपासले गेले आहे, अशांपैकीही काहींना कळा अशा काही वेगाने येतात की गाडी अंगणात येण्यापूर्वीच मूल जन्मते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाळंतिणीच्या बाबतीत हे विशेष घडते. प्रसववेदना शासकीय परिपत्रक वाचून येत नाहीत.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. आज मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग धावतो आहे. २०२४ साली वाशीम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला अकोल्याच्या स्त्री रुग्णालयात, जुन्या माणसांच्या तोंडच्या ‘लेडी हार्डिंग’मध्ये, नेण्यावाचून गत्यंतर नसे, तो काळ मागे पडत आहे. तथापि महामार्गावरून नागपूर गाठणे सोपे आणि तांड्यावरून महामार्ग गाठणे अवघड, अशी विचित्र परिस्थिती काही ठिकाणी अजून आहे. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांना मिळणारे नाले पावसाळ्यात फुगले म्हणजे पुलाचा कठडाही दिसत नाही. त्या दोन-चार तासांत मूल जन्माला येणार असेल, तर ते स्वच्छ हातांत जन्मावे की कसेही, एवढाच प्रश्न उरतो. घरची तयारी ती याकरिता. दवाखान्याला पर्याय म्हणून तिचा विचार करू नये.

बाळंतिणीची खोली

मी कला शाखेचा पदवीधर; वैद्यक हा माझा विषय नव्हे. पण आपल्या चालीरीतींचा इतिहास थोडाफार वाचला आहे. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपण सर्व जाणता. १८७८ साली त्यांना झालेला मुलगा अवघा दहा दिवस जगला. त्यांनी पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेतली, तेव्हा प्रबंधासाठी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दूरदेशी जाऊनही त्यांचे लक्ष आपल्याकडील बाळंतिणीच्या खोलीवरच होते.

ही खोली बहुधा घरातील सर्वांत अंधारी, कोंदट आणि अडगळीची. विटाळाच्या कल्पनेमुळे चांगले अंथरूण तेथे द्यायचे नाही. फाटकी गोधडी, जुनेर आणि बाज, एवढाच सरंजाम. दारे-खिडक्या बंद आणि बाजेखाली शेगडी. नाळ कापायला विळा किंवा हाताला येईल ती धार, आणि कापलेल्या जागी राख, हळद, कधी शेणही. मग पाचव्या दिवशी सटवाईची पूजा. त्या रात्री मुलाच्या कपाळी विधिलिखित उमटते, अशी समजूत. या पूजेमागे एक भयाण अनुभव असावा, असे मला वाटते. नवजात बालकाचा धनुर्वात बहुधा जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत प्रकट होतो. चांगले दूध पिणारे मूल एकाएकी तोंड मिटते, ताठ होते, स्पर्शाने झटके देते. पिढ्यान्‌पिढ्या आयांनी हे पाहिले असेल, तर त्या दिवसांना देवतेच्या हवाली करण्याखेरीज त्यांच्या हाती काय होते?

धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात दीर्घकाळ टिकतात. नाळेच्या ताज्या जखमेतून ते शरीरात शिरतात. गर्भवतीला दिलेली लस आणि नाळ कापताना पाळलेली स्वच्छता, या दोहोंनी या रोगाचा कणा मोडला. माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, असा आहे. जंतू मातीत आहेतच. धनुर्वात व घटसर्प यांवरील लशीच्या मात्रा आजही गर्भवतीला त्याचसाठी दिल्या जातात.

सुईण कोठे गेली?

पूर्वी प्रत्येक गावात सुईण असे. १९७७ साली केंद्र शासनाने ग्रामीण आरोग्य योजना आखली, तीत पारंपरिक दाईंना प्रशिक्षण देण्यावर भर होता. हात धुणे, नवे पाते वापरणे, नाळ बांधणे आणि वेळीच दवाखान्यात पाठवणे, हे त्यांना शिकवले जाई. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातीलच, बहुतांश निरक्षर स्त्रियांना तयार करून सुरक्षित बाळंतपणाचे काम त्यांच्यावर सोपवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. आशा कार्यकर्ती आज बाळाच्या घरी जाऊन त्याचे वजन करते, ताप पाहते, त्या पद्धतीचे मूळ या प्रयोगात आहे.

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली. आशा आल्या, आणि सुईणीचे काम संपले. धोरण म्हणून हे योग्यच झाले. कारण अतिरक्तस्राव, झटके, अडलेले मूल यांपुढे सर्वांत निष्णात सुईणही हतबल असते. मात्र तिच्याबरोबर घरातील ज्येष्ठ स्त्रियांचे ज्ञानही गेले. आजच्या चाळिशीतल्या सासूने आपली बाळंतपणे दवाखान्यात केली आहेत; सुनेला मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर नाळेला हात लावावा की नाही, हे तिला ठाऊक नसते. ही पोकळी आपण भरली नाही. त्याचे एक कारण असे की, घरच्या तयारीविषयी बोललो तर लोक दवाखान्यात जाणार नाहीत, अशी भीती कार्यालयांत बाळगली जाते. मला ती अनाठायी वाटते. घराच्या दाराशी वाळूची बादली ठेवणारा माणूस आग लागावी अशी इच्छा करीत नाही.

आठव्या महिन्यातील काम

तयारीची सुरुवात तारखेपासून होते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने व सात दिवस मोजावेत. आपल्याकडील स्त्रिया तारीख सणावरून सांगतात, ते उत्तमच. पाळी पोळ्याच्या सुमारास आली असेल, तर दिवस मे-अखेरीस किंवा जूनच्या आरंभी, मृगाच्या तोंडावर भरतात. दिवाळीची असेल तर ऐन पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये. संक्रांतीची असेल तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे सोयाबीन काढणीच्या गर्दीत, जेव्हा घरात माणूस नसतो आणि गावात गाडी रिकामी नसते. हे गणित शिक्षकांनी पालकसभेत एकदा फळ्यावर मांडून दाखवावे. पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या आणि नाल्यापलीकडे राहणाऱ्या स्त्रीने शेवटचे दहा-पंधरा दिवस रस्त्यालगतच्या गावी नातेवाइकाकडे राहावे, यासारखी दुसरी तयारी नाही. आदिवासी भागांत शासनाने याच विचाराने ‘माहेरघर’ योजना राबवली.

काही स्त्रियांच्या बाबतीत घरचा विचारही करू नये. पहिले बाळंतपण शस्त्रक्रियेने झालेली, जुळे असलेली, मूल पायाळू किंवा आडवे असलेली, रक्तदाब वाढलेली, आधीच्या वेळी फार रक्त गेलेली, हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलेली, आणि आपल्या विदर्भात विशेषत्वाने पाहावी लागणारी सिकलसेलची रुग्ण, अशा प्रत्येकीने दिवस भरण्यापूर्वीच रुग्णालयाजवळ असले पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेस आरोग्यसंस्थांत होणाऱ्या मातृत्व अभियानातील तपासणीचा हेतू अशा माता वेळीच ओळखणे हाच आहे.

आता खोलीविषयी. घरातील जी खोली स्वच्छ, कोरडी, उजेडाची आणि वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित असेल ती निवडावी. कोपऱ्यातली अडगळ, धान्याची पोती, खताच्या पिशव्या, फवारणीची औषधे बाहेर काढावीत. जमीन सारवलेली असेल तर तिच्यावर थेट अंथरूण घालू नये. बाळंतपणापूर्वी ताजे सारवण करणे हे मांगल्याचे लक्षण समजले जाते. पण धनुर्वाताच्या दृष्टीने ते घातक आहे. जमिनीवर प्रथम धुतलेले प्लास्टिकचे कापड, त्यावर धुऊन कडक उन्हात वाळवलेली चादर घालावी. बंद खोलीत शेगडी ठेवू नये. तिच्या धुराने व विषारी वायूने आई-बाळ गुदमरतात. ऊब हवी ती कपड्यांनी आणि आईच्या अंगाने द्यावी.

सामानाचे एक गाठोडे आठव्या महिन्यात बांधावे. त्यात साबणाची नवी वडी, वेष्टनात बंद असलेले दाढीचे नवे पाते, नाळ बांधण्यासाठी जाड सुती दोऱ्याचे वीतभर लांबीचे तीन-चार तुकडे, हातमोजे, प्लास्टिकचे कापड, आणि जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे मऊ तुकडे ठेवावेत. हे कापड जितके जास्त तितके चांगले. निदान दोन बाळाला पुसण्या-गुंडाळण्यासाठी आणि चार-पाच आईसाठी. बाळाचे टोपडे विसरू नये. ओल्या डोक्यातून ऊब फार वेगाने जाते. दोरा वीस मिनिटे उकळून, वाळवून स्वच्छ कापडात बांधून ठेवावा. कापड धुवावे, उन्हात वाळवावे आणि पुन्हा कोणीही वापरू नये म्हणून पिशवीत बंद करावे. भारनियमनाच्या गावात विजेरी आणि भरलेला मोबाइल ही देखील बाळंतपणाची साधने आहेत. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार व बँकेचे पुस्तक त्याच गाठोड्यात असावे. गाठोड्याचा उपयोग असा की, गाडी वेळेवर आली तर तेच उचलून दवाखान्यात न्यायचे. दोन वेगळ्या तयाऱ्या कराव्या लागत नाहीत.

गाठोड्यात न मावणाऱ्या गोष्टी चार. गाडी कोणाची आणि ती न मिळाल्यास दुसरी कोणाची. रक्त लागल्यास देणारे दोन निरोगी नातेवाईक कोण. घरातील मुलांना आणि जनावरांना कोण पाहणार. आणि नवरा कामासाठी परगावी असेल तर निर्णय कोण घेणार. या शेवटच्या प्रश्नावर मी मुद्दाम बोट ठेवतो. ‘मालक आल्यावर ठरवू’ या वाक्यात कित्येकींचे तास वाया गेले आहेत. त्या घरातील कर्त्या पुरुषाने आधीच, चार माणसांसमक्ष, ‘माझी वाट पाहू नका’ असे सांगून ठेवावे.

वेळ आलीच तर

कळा सुरू होताच १०२ किंवा १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि आशा व परिचारिकेला कळवावे. गाडी येणार नाही असे वाटले तरी दूरध्वनी करावाच. प्रसूतीनंतरही ती लागते. जो कोणी बाळंतिणीला हात लावणार त्याने नखे कापून, बांगड्या-अंगठ्या काढून, साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत आणि ते मळकट टॉवेलला पुसू नयेत. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना केवळ हात धुण्यास लावले आणि बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगण्याजोगी आहे.

कळा वाढवण्याची सुई घरी कोणाकडूनही टोचून घेऊ नये. तिने गर्भाशय फाटू शकते आणि मूल गुदमरू शकते. पोटावर दाबू नये, नाळ धरून वार ओढू नये. मूल जन्मताच कोरड्या कापडाने लगेच पुसावे, पाठ चोळावी. उलटे टांगून चापट्या मारणे ही क्रूर आणि निरर्थक रीत आहे. ओले कापड बाजूला टाकून बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि दोघांना मिळून पांघरूण घालावे. नाळेची धडधड थांबल्यावर दोन ठिकाणी घट्ट बांधून मध्ये नव्या पात्याने कापावी. नवे पाते नसेल तर? तर नाळ कापूच नये. वार पडल्यावर ती बाळाबरोबर स्वच्छ कापडात गुंडाळावी आणि आई-बाळाला तसेच दवाखान्यात न्यावे. गंजक्या विळ्याने नाळ कापण्यापेक्षा न कापलेली नाळ शतपटीने सुरक्षित आहे. नाळेला काहीही लावू नये. ती कोरडी ठेवावी. मध, गूळपाणी नको. पहिल्या तासातच आईचा चीक पाजावा. त्याने बाळाला रोगप्रतिकारशक्ती मिळते आणि आईचे गर्भाशय आकुंचन पावून रक्त थांबण्यास मदत होते. आंघोळ निदान एक दिवस पुढे ढकलावी.

यानंतरचे दोन तास सर्वांत धोक्याचे आहेत. मूल झाले म्हणून घरात आनंदीआनंद असतो, आणि त्याच वेळी कोपऱ्यात आईचे कापडामागून कापड भिजत असते. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव उपचाराविना साधारण दोन तासांत प्राण घेऊ शकतो. अडलेल्या बाळंतपणात वा जंतुसंसर्गात काही दिवसांचा अवधी असतो. येथे तो नसतो. वार अर्ध्या तासात पडली नाही, कापडे भराभर भिजू लागली, आई पांढरी फटक पडली किंवा घाम येऊन गळून गेली, तर क्षणाचाही विलंब न करता निघावे. बाळंतपणाआधीची लक्षणेही अशीच ठळक आहेत: अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, हिरवट पाणी, बाळाची हालचाल मंदावणे, हात किंवा नाळ आधी बाहेर येणे, बारा तास कळा देऊनही प्रगती नसणे. ही यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावी. घोषवाक्यांसाठी आपण भिंती पुष्कळ रंगवल्या आहेत.

पंचायतीकडून अपेक्षा

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला गावासाठी वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी देण्याची तरतूद आहे. बाळंतिणीच्या तातडीच्या वाहनासाठी त्यातून खर्च करण्याचा ठराव समितीने आगाऊ करून ठेवावा. मध्यरात्री ठराव होत नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून शासकीय रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, आहार व जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे, हे तांड्यावर गोरमाटी बोलीत सांगणारी एक बाई आपल्या शंभर पत्रकांहून अधिक काम करील. गावात जुनी सुईण हयात असेल तर तिला बाळंतिणीची सोबतीण म्हणून दवाखान्यात पाठवावे. तिचा मान राहतो, आणि घाबरलेल्या पहिलटकरणीला ओळखीचा हात मिळतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरी बाळंतपण झाले की कुटुंब ते लपवते, कारण ‘दवाखान्यात का आणली नाही’ म्हणून बोलणी बसतील अशी भीती असते. लपवलेले बाळ मग जन्मतःच द्यावयाच्या लशींना मुकते. काविळीची पहिली मात्रा चोवीस तासांच्या आत द्यायची असते. क्षयाची लस आणि पोलिओचे थेंबही लगेचच. आशा कार्यकर्तीने अशा घरी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. घरच माहीत नसेल तर ती जाणार कोठे? जननी सुरक्षा योजना आखताना दारिद्र्यरेषेखालील घरी बाळंत झालेल्या मातेसाठीही पाचशे रुपयांची तरतूद ठेवण्यात आली होती. शासनाने तिला गुन्हेगार मानलेले नाही; आपणही मानू नये.

जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. घरच्या जन्माची खबर देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची असते. नाव ठरले नाही, बारसे व्हायचे आहे, बाप परगावी आहे, या कारणांनी नोंद थांबवण्याची गरज नाही. नोंद नावाविना होते, आणि नाव पुढे वर्षभरात विनाशुल्क घालता येते.